सिडक्शन: कुणाला फितवलं, कुणापासून फितवलं?

अर्धविराम (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

एका स्नेह्यांच्या आग्रहाखातर १९२१ च्या कराची खटल्यावरचा इंग्रजी मजकूर मराठीत आणतो आहे. जुलै महिन्यात कराचीला खिलाफत परिषद भरली, 'इंग्रजांच्या फौजेत चाकरी करणं मुसलमानाला हराम' असा ठराव झाला आणि सरकारने मोहम्मद अली, शौकत अली वगैरे मंडळींना उचललं. आरोपींत शारदापीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थही होते. (होय, तेच वैदिक गणितवाले.) आरोपांत दंड संहितेचं कलम १३१ आहे आणि तिथेच माझी गाडी रुतली आहे.

कलम म्हणतं, जो कोणी सैनिकाला त्याच्या इमानापासून किंवा कर्तव्यापासून 'सिड्यूस' करण्याचा प्रयत्न करील, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. वाचल्यावर आधी हसूच आलं. शौकत अलींचा फोटो ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. एवढा धिप्पाड दाढीवाला माणूस पलटणीला 'सिड्यूस' करतोय म्हणजे काय?

मग कोश उघडले. लॅटिन 'से' म्हणजे बाजूला, वेगळं; 'दुकेरे' म्हणजे नेणं, पुढे होऊन वाट दाखवणं. त्या 'दुकेरे'चा गोतावळा मोठा आहे: ड्यूक, कंडक्टर, प्रॉडक्शन, आपल्या ओट्यावरची इंडक्शन शेगडी. 'से'चे भाऊबंद सेपरेट, सीक्रेट आणि कळपातून वेगळं काढणारा सेग्रीगेट. तर सिडक्शन म्हणजे बाजूला घेऊन जाणं. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावर हा शब्द इंग्रजीत रुळला तेव्हा चाकराला किंवा मांडलिकाला धन्याच्या निष्ठेपासून फोडणं हाच त्याचा अर्थ होता. बाईला नादी लावणं हा अर्थ त्यानंतर काही दशकांनी चिकटला. आज मात्र पहिला अर्थ कलमात उरलाय आणि दुसरा अत्तराच्या जाहिरातीत.

प्रश्न साधा आहे. हे दोन्ही अर्थ पेलेल असा एक मराठी शब्द आहे का? भुलवणं, भुरळ घालणं, मोहात पाडणं, नादी लावणं, फशी पाडणं, घोळात घेणं, जाळ्यात ओढणं... यादी माझ्याकडेही आहे. पलटणीला यांतलं काय लावू?

*

भेळवाला

शीर्षक वाचून धावत आलो, आत कलम १३१ निघालं. मला या धाग्याकडे सिड्यूस केलं गेलं आहे अशी तक्रार नोंदवतो.

*

मोडीवाला

यात अडायचं काय? फितवणं. दुसरा शब्द शोधूच नका. मराठीत हा शब्द बखरींपासून लष्करीच आहे. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी ठेवायची शिवाजी महाराजांची रीत बखरकार सभासद सांगतो, ती कशासाठी? एकट्याच्या हातात किल्ला राहिला आणि तो फितला तर दरवाजा उघडाच. मराठी राजनीतीवरचं जुनं 'आज्ञापत्र' तर आणखी पुढे जातं: हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी बदला. माणूस एका जागी रुजला की त्याच्या कानाशी लागायला लोकांना सवड मिळते. आजही सरकारी बदल्यांचं तत्त्व तेच आहे, फक्त दर बदललेत.

फितूर हा अरबी 'फुतूर'. मूळ अर्थ ढिलाई, कमजोरी. मग बखेडा, दंगा. गाठ सैल होते तिथून फितुरी सुरू होते. आणि याच्याच शेजारी अरबीत 'फितना' आहे. त्याचं मूळ सोनं आगीत घालून पारखणं. तिथून कसोटी, मोह, मग दुफळी, बंड. उर्दू शायर सुंदर प्रेयसीलाही फितना म्हणतात, आणि राज्यात उसळलेल्या बंडाळीलाही फितनाच. धागाकर्त्याला जे दोन्ही अर्थ एका शब्दात हवेत ते तिथे आयते आहेत. आपण फौजेचं तेवढं घेतलं.

*

भेळवाला

आमदार मात्र फितवत नाहीत, फोडतात. नारळासारखे. मग हॉटेलात नेऊन ठेवतात, म्हणजे 'बाजूला नेणे' अगदी शब्दशः.

*

संपादक

राजकारण नको. नाहीतर भांडणं लागून धाग्याचं काश्मीर व्हायला वेळ लागणार नाही.

*

कोर्टपक्षी

कलम अजून जिवंत आहे म्हणून लिहितो. १ जुलै २०२४ ला दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, तेव्हा १३१ चं १५९ झालं. गाभा तोच.

त्याचा विलायती आजा १७९७ चा. स्पिटहेड आणि नोर इथे ब्रिटिश आरमाराच्या खलाशांनी बंड केलं. पगार १६५८ पासून वाढलेला नव्हता, दुसरं काय होणार! शेजारी फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडून चार वर्षं झालेली, त्यामुळे पार्लमेंटला प्रत्येक पत्रकात क्रांती दिसत होती. त्याच वर्षी घाईने कायदा झाला: फौजेतल्या किंवा आरमारातल्या माणसाला कर्तव्यापासून 'सिड्यूस' करू पाहणाऱ्याला देहदंड. १९३४ साली तिथे नवा कायदा आला, त्यातही क्रियापद हेच.

आता आपल्या संहितेकडे या. तिथे हा शब्द पुन्हा भेटतो तो ३६६ मध्ये (आता ८७). स्त्रीला पळवून नेणं, तिच्यावर लग्न लादण्यासाठी, किंवा अनैतिक संबंधासाठी तिच्यावर बळजबरी व्हावी वा तिला 'सिड्यूस' करता यावं म्हणून. एकाच कायद्यात शिपायाला आणि बाईला एकच क्रियापद. आजूबाजूची कलमंही वाचा. ३६१: अल्पवयीन मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून नेणं किंवा फूस लावणं. ४९८: विवाहितेला नवऱ्याकडून नेणं किंवा फूस लावणं. व्यभिचाराचं ४९७ सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मोडीत काढलं, पण ४९८ न्याय संहितेत ८४ नंबरची खुर्ची पकडून बसलंच आहे. शिपाई राजाचा, मुलगी बापाची, बायको नवऱ्याची. ज्याच्याकडून नेलं त्याचं नुकसान, नेणारा चोर. जिला नेलं ती या व्यवहारात मुद्देमाल.

माझं म्हणणं, धागाकर्त्याचे अर्थ दोन नाहीतच. अर्थ एकच आहे, माल वेगळा.

इंग्लंडात तर 'सिडक्शन' नावाचा दिवाणी दावाच होता. मुलगी गरोदर राहिली की बाप दावा लावायचा, आणि दाव्याचा आधार काय? तिच्या सेवेला मुकलो! अब्रू, दुःख हे नुकसानभरपाईचा आकडा ठरवताना; पण दावा उभा राहायचा तो चाकरी बुडाल्याच्या जोरावर. म्हणून कोर्टात आधी सिद्ध करायचं की मुलगी घरात काही काम करत होती. चहा करून देत होती एवढं दाखवलं तरी भागायचं. मुलीला स्वतःला हा दावा लावता येत नव्हता. ती राजी होती ना, मग तक्रार कसली! हा प्रकार तिथे १९७० साली बंद झाला. बीटल्स फुटले त्या वर्षी.

*

जाईजुई

कोर्टपक्षी, प्रतिसाद कापून ठेवावा असा आहे. रोजच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते बघा: 'अज्ञात इसमाने अल्पवयीन मुलीस फूस लावून पळवून नेले.' फिर्याद वडिलांची, ताबा वडिलांचा, इसम अज्ञात. मुलगी कुठेच बोलत नाही. ती घाबरून गेली, प्रेमात पडून गेली, घरच्या मारहाणीला कंटाळून गेली की खरोखर कुणी तिला विकायला नेली, या चारही गोष्टींना एकच 'फूस'.

उलट बाजूने आणखी एक. फ्रॉइडने १८९६ मध्ये मांडणी केली की त्याच्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या दुखण्याचं मूळ बालपणी त्यांच्यावर झालेल्या लैंगिक अत्याचारात आहे. नाव काय पडलं? सिडक्शनचा सिद्धान्त. जर्मनीत 'फरफ्यूरुंग', तेही 'फ्यूरेन' म्हणजे नेणे यावरूनच. फ्यूररचा सख्खा चुलतभाऊ. लहान मुलावर मोठ्या माणसाने केलेल्या अत्याचाराला सिडक्शन म्हणायचं! दीडेक वर्षात त्याने स्वतःच ती मांडणी सोडली, पण नाव राहिलं. जिथे मुलगी स्वतःहून गेली तिथे हा शब्द तिची इच्छा पुसतो, आणि जिथे इच्छेचा प्रश्नच नव्हता तिथे हाच शब्द थोडी इच्छा चिकटवून देतो. मला हा शब्द दोन्हीकडून संशयास्पद वाटतो.

*

दक्षिणमुखी

ताई, मुद्दा मान्य. पण मुलीच्या बापाच्या जागी बसून बघा. सोळा वर्षांच्या पोरीला मोबाइलवर गोडगोड बोलून कुणी नेली तर त्याने 'तिची इच्छा' म्हणून हात जोडून बसायचं का? ताबा हा शब्द कानाला वाईट लागतो, पण त्यात जबाबदारीही आली. फूस ही खरी गोष्ट असते.

*

कोर्टपक्षी

दक्षिणमुखी, तुमच्या आणि जाईजुईंच्या मधली रेघ सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्येच ओढली आहे. वरदराजन विरुद्ध मद्रास सरकार. निकाल न्यायमूर्ती मुधोळकरांचा, म्हणजे आपल्या वऱ्हाडातले. कॉलेजात शिकणारी मुलगी, अठरा पुरी व्हायला थोडाच अवकाश. तिनेच त्याला फोन करून बोलावलं, त्याच्याबरोबर जाऊन लग्नाचा करार रजिस्टर केला. खालच्या कोर्टांनी त्याला दोषी धरलं. मुधोळकर म्हणाले, 'नेणं' वेगळं आणि 'सोबत येऊ देणं' वेगळं. तिच्या मनात घर सोडायचा विचार त्याने रुजवला, काही आमिष दाखवलं, असं दिसलं पाहिजे. नुसतं ती आली आणि त्याने परत पाठवली नाही, एवढ्यावर गुन्हा होत नाही. तो सुटला.

तुमच्या सोळा वर्षांच्या उदाहरणात मात्र २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. अठराच्या आत शरीरसंबंधाला संमती धरतच नाहीत. तिथे मुधोळकर मदतीला येत नाहीत.

अवांतर: गायक फ्रँक सिनात्राला १९३८ मध्ये न्यू जर्सीत अटक झाली होती, गुन्हा 'सिडक्शन'. लग्नाचं वचन देऊन 'चांगल्या चारित्र्याच्या अविवाहित स्त्रीला' फसवल्याचा. पुढे कळलं की बाई विवाहित आहे, त्यामुळे तो गुन्हाच बसेना. मग व्यभिचाराचा लावला, तोही टिकला नाही. पोलिसांनी काढलेला तो फोटो आता लोक टी-शर्टावर छापतात.

*

पाणिनीचा_शेजारी

उशिरा आलो. मोडीवाल्यांनी अरबी गाठलं, पण कौटिल्य राहिला की.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात कृत्य आणि अकृत्य पक्षांवर दोन प्रकरणं आहेत, एक आपल्या राज्यातल्या लोकांविषयी, दुसरं शत्रूच्या. कृत्य म्हणजे ज्यांच्यावर काम करता येईल असे, फुटण्याजोगे. मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगल्यांनी जी इंग्रजी आवृत्ती सिद्ध केली तिच्यात या 'कृत्य'साठी त्यांनी शब्द योजला 'सिड्यूसिबल'. धागाकर्त्याने नेमकं उलट्या दिशेने जावं, काम झालं.

फुटणारे लोक कौटिल्याने चार वर्गांत टाकलेत: क्रुद्ध, लुब्ध, भीत आणि मानी. चिडलेला, हावरा, घाबरलेला आणि स्वतःला फार समजणारा. यांत कामुक नाही हे बघा. क्रुद्धांची यादी वाचली तर कुठल्याही कचेरीतली वाटेल: कबूल केलेलं दिलं नाही तो, सारखंच काम करून ज्याला डावललं तो, ज्याचा अधिकार काढून घेतला तो. अशा प्रत्येकाशी काय बोलायचं तेही दिलंय. चिडलेल्याला सांगायचं की झिंगलेला माहूत बसलेला, मदाने आंधळा झालेला हत्ती समोर येईल ते तुडवतो, तसा हा तुझा राजा.

आणि या उद्योगाचं त्याचं नाव 'उपजाप'. उप अधिक जप्. कानाजवळ तोंड नेऊन पुटपुटणं. देवाचं नाव पुटपुटलं की जप, शत्रूच्या सेनापतीच्या कानात पुटपुटलं की उपजाप. आता आपली मराठी बघा. फूस, म्हणजे फुसफुस. कान फुंकणं. कानाशी लागणं. सगळं कानातून. रोमन माणूस हाताला धरून बाजूला नेतो. आपल्याकडे माणूस जागचा हलतही नाही, त्याचा कान फिरतो. कलम १३१ ला हेच जास्त लागू आहे. अली बंधूंनी कुणाला कुठे नेलं होतं? भाषण केलं होतं.

राहिला मोह. लुभ् धातूचा जुना अर्थ गोंधळणं, वाट चुकणं. हाव हा नंतरचा. इंग्रजी लव्ह आणि लॅटिन लिबिडो त्याच कुळातले. मुह् म्हणजे भान हरपणं, त्यातून मोह, मूढ, मुग्ध आणि मोहिनी. म्हणजे प्रलोभन आणि मोहिनी या दोन्हीत मुळात शरीर नाहीच, दिशाभूल आहे.

*

मार्था_वसई

दिशाभुलीवरून आठवलं. बायबलच्या लॅटिन भाषांतरात, व्हल्गेटमध्ये, पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात सापाने एवेला जे केलं त्याला क्रियापद 'सेडुक्सित' आहे. तीमथ्याच्या पत्रात तर स्पष्टच: आदाम भुलला नाही, बाई भुलली. हा हिशेब शतकानुशतकं व्यासपीठावरून ऐकवला गेला, आणि फळ दोघांनी खाल्लं होतं. मार्काच्या शुभवर्तमानात 'कोणी तुम्हांला फसवू नये म्हणून सावध राहा' या अर्थाचं वाक्य आहे, तिथेही लॅटिनात 'सेदुकात'. त्यामागचं ग्रीक क्रियापद 'प्लानाओ', भरकटवणं. त्याच्याच घरातला शब्द प्लॅनेट, भरकटणारा तारा. जाईजुईंना सांगायचं म्हणजे धर्मग्रंथात हा शब्द खोट्या गुरूंसाठी जास्त येतो, प्रियकरांसाठी कमी.

*

रानभूल

माझं नावच घ्या ना! आमच्याकडे कोकणात रानात वाट चुकून माणूस गोल गोल फिरत राहिला की चकवा लागला म्हणतात. रानभुलीवर पाय पडला तरी तेच. चकवा घाबरवत नाही, दम देत नाही. ओळखीची वाट दाखवतो, एवढंच. म्हातारी माणसं सांगत, चकवा लागला तर थांब, बस, पान खा, मग उठ. सिड्यूस झालेल्यांनाही हाच उपाय असावा.

*

शृंगारिक_आजोबा

सगळ्यांनी मिळून बिचाऱ्या शब्दाला पार पोलीस ठाण्यात बसवलंत. फ्रेंच माणूस एखाद्याला 'सेद्युइझां' म्हणाला तर तो माणूस खूश होतो. नुसतं मोहक, आकर्षक असा अर्थ. तिथे या शब्दाचं विष बरंच उतरलंय. आपल्याकडेही 'भुरळ घातली' हे गाण्याला, निसर्गाला, थालीपिठाला सर्रास म्हणतो, तक्रार कुणी करत नाही.

आणि ज्याला लॅटिन अर्थ डोळ्यांनी बघायचाय त्याने महाभारतातला ऋष्यशृंग वाचावा. अंगदेशात पाऊस नाही. लोमपाद राजाला सांगितलं जातं, ज्याने कधी बाई पाहिली नाही तो ऋषिपुत्र आण, पाऊस पडेल. मग गणिका नावेवर आश्रम उभारतात, खोटी झाडं, खोटी फळं, सगळं. बाप बाहेर गेल्यावर गाठतात. पोरगं एवढं भाबडं की घरी येऊन बापाला सांगतं, एक विलक्षण जटाधारी ब्रह्मचारी आला होता, आवाज कोकिळेसारखा, त्याने दिलेल्या फळांना ना साल ना बाठा! पक्वान्नांना फळं समजून खाल्लेली. दुसऱ्या खेपेला त्याला नावेत बसवून थेट राज्यात नेतात. बाजूला नेणं ते हेच. पाऊस पडतो, राजा मुलगी देतो, चिडून आलेला बापसुद्धा शांत होतो. कुणाचं नुकसान झालं सांगा?

*

जाईजुई

गणिकांना विचारलं होतं का कुणी? राजाने पाठवलं म्हणून गेल्या. बऱ्याच जणींनी शापाच्या भीतीने नकार दिला होता असं कथेतच आहे. आजच्या भाषेत हनी ट्रॅपला पाठवलेल्या कर्मचारी. भुलवणारीही कुणाच्या तरी ताब्यातली, आणि भुललेलाही. बाकी बापलेकाचा संवाद लाजवाब, त्याबद्दल तुमच्याशी भांडण नाही.

*

मोडीवाला

मोहिनीचं कसं विसरलात? अमृताचा कलश असुरांच्या हातात, आणि ती पंगत बसवून वाटपच ताब्यात घेते. रूपही वापरलं आणि फौजही गंडवली. शरीर आणि राजकारण एकाच पानात. नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे, गोव्यात म्हार्दोळची म्हाळसाही मोहिनीच. आपण तिची पूजा करतो, कलम लावत नाही. कारण ती आपल्या बाजूची होती.

*

कोर्टपक्षी

शेवटचं वाक्य सरकारी वकिलांच्या खोलीत फ्रेम करून लावण्याजोगं आहे. आपल्याकडे आलेला तो मतपरिवर्तन झालेला, आपल्याकडून गेलेला तो फितवलेला.

*

अर्धविराम (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. कलमाच्या भाषांतरात 'फितवणे' घेतलं आहे: 'सैनिकाला त्याच्या निष्ठेपासून वा कर्तव्यापासून फितवण्याचा प्रयत्न'. 'पासून'सकट वाक्य जरा अडखळतं, कारण फितवणं मराठीत सहसा नुसतं येतं, कुणापासून ते गृहीत असतं. पण ते 'पासून' मुद्दाम ठेवलंय. फिर्यादी कोण ते त्यातच दिसतं. ३६६ साठी मात्र 'फितवणे' चालणार नाही. तिथे 'भुलवणे' घेईन, पटलेलं नाही तरी. उपजाप हा शब्द लेखाच्या प्रस्तावनेत कुठेतरी घुसवणार आहे.

*

दक्षिणमुखी

ते सगळं ठीक. खटल्याचं पुढे काय झालं ते सांगा की!

*

अर्धविराम (धागाकर्ता)

अली बंधू आणि इतरांना दोन-दोन वर्षांची सक्तमजुरी, शंकराचार्य निर्दोष सुटले. पण निकालाच्या आधीच, ऑक्टोबर १९२१ मध्ये, गांधीजी आणि चाळीसहून अधिक पुढाऱ्यांनी मुंबईहून सहीनिशी जाहीरनामा काढला: या सरकारची नोकरी, विशेषतः फौजेतली, करणं कुठल्याही हिंदी माणसाच्या राष्ट्रीय प्रतिष्ठेला न शोभणारं आहे. ज्या बोलण्यासाठी कराचीत खटला चालू होता तेच बोलणं, आता नावागावासकट. त्या जाहीरनाम्यावर सरकारने खटला भरला नाही.

*

भेळवाला

एवढ्या सगळ्यांना आत टाकायचं तर तुरुंगच कमी पडले असते. वाखु (वाचनखूण) साठवली.